पूर्णा ते पूर्णा

थोरलीला शाळेनं दिवाळीच्या सुट्टीचा अभ्यास दिला होता: प्रवासात पाहिलेल्या वीस गोष्टी लिहा. प्रवासच नसेल तर काय लिहायचं, हे बाईंनी सांगितलं नव्हतं. त्यामुळं प्रवास करणं भाग पडलं. २०२५ ची भाऊबीज २३ ऑक्टोबरला झाली, २४ ला सकाळी आम्ही निघालो. पूर्णा, झिरो फाटा, औंढा, जिंतूर, येलदरी, परभणी आणि परत पूर्णा. दोनशे किलोमीटरच्या आतबाहेर. चालवायला मी, शेजारी बायको, मागं आई आणि तिच्या दोन बाजूंना दोन लेकरं. थोरली नऊ वर्षांची, धाकटा पाच.

थोरलीनं वहीत एक ते वीस आकडे आधीच टाकून ठेवले होते. माझ्याकडं वही नव्हती, पण दर दोन-चार किलोमीटरला तोंडातून निघायचं, "इथं पूर्वी..." तिसऱ्यांदा निघालं तेव्हा ती म्हणाली, "दिसलेल्याच लिहायच्यात, पप्पा."

तिची यादी शाळेत गेली. ही उरलेली.

पेटी.

अण्णा, म्हणजे माझे वडील, रेल्वेत गार्ड होते. गार्डाची पेटी म्हणजे लाइनबॉक्स: जाड पत्र्याची, काळी, दोन्ही अंगांना कड्या, वर पांढऱ्या रंगात नाव आणि खाली मुक्काम 'पूर्णा'. ती गार्डानं स्वतः उचलायची नसे. त्यासाठी स्टेशनात वेगळा माणूस असायचा. त्याला बॉक्सबॉय म्हणत. केस पांढरे झाले तरी बॉयच. पेटीत लाल आणि हिरवं निशाण, तीन रंगांचा हातदिवा, नियमांचं पुस्तक, औषधाचा डबा, आणि पत्र्याच्या नळकांड्यात फटाके. कागदावर त्यांचं नाव डिटोनेटर, बोलण्यात फटाकेच. गाडी मध्येच अडली की गार्डानं उतरून मागं चालत जायचं आणि ते रुळावर बांधायचे: ब्रॉडगेजवर ६०० मीटरवर एक, मग १२०० मीटरवर दहा-दहा मीटर सोडून तीन. मागून येणाऱ्या इंजिनाच्या चाकाखाली ते फुटले की ड्रायव्हरनं समजायचं, पुढं कुणीतरी थांबलेलं आहे.

आम्ही भावंडं दर दिवाळीला त्यातला एक मागायचो. एकाही दिवाळीला मिळाला नाही. त्यांचा हिशेब द्यावा लागे.

आता गार्डांना चाकाच्या बॅगा मिळतात, विमानतळावर ओढतात तशा. पाठीच्या मणक्यांच्या दृष्टीनं चांगलंच झालं. अण्णांनी निवृत्तीच्या दिवशी पेटी जमा केली. घरात राहिली ती फक्त शिट्टी. ती या प्रवासात धाकट्याच्या गळ्यात होती आणि आठव्या किलोमीटरला बायकोनं काढून घेतली.

फिरकीचा तांब्या.

पितळेचा, आतून कल्हई, तोंडाला आटे. झाकण फिरवून बसवायचं, तोच पेला. आडवा पडला तरी थेंब सांडत नसे, मात्र आटे एकदा चुकून बसले की मोठ्या माणसालाही सुटत नसत. गाडी हिंगोलीला थांबली की अण्णा तो घेऊन नळाकडं जायचे. गाडी हलली तरी ते झाकण फिरवतच असायचे. आई खिडकीच्या गजांना धरून नुसती बघायची. गार्डाची बायको होती, ओरडायची नाही. गार्डाच्या समोर गाडी सुटत नसते असा तिचा हिशेब असावा. पण रजेवर असलेल्या गार्डासाठी कुठली गाडी थांबणार?

पास रुळांचा मिळायचा, म्हणून आमच्या घराला रस्ता परका होता. रस्त्यानं जायचं म्हणजे पैसे मोजायचे. मी पहिल्यांदा औंढ्याला रस्त्यानं गेलो तेव्हा सातवीत होतो, शाळेच्या सहलीत.

तांब्या आता टीव्हीच्या वरच्या फळीवर आहे. त्यात मनीप्लँट आहे. गाडीत प्लास्टिकच्या सहा बाटल्या होत्या. धाकटा त्यांची झाकणं फिरवून काढत होता, फिरवून लावत होता.

दशमी.

धपाटे होते. आईनं पहाटे ओल्या फडक्यावर थापलेले, फक्त फडक्याऐवजी चांदीच्या कागदात बांधलेले. शेंगदाण्याची चटणीही होती. दशमी नव्हती. दुधात भिजवलेल्या पिठाची दशमी तीन-चार दिवस टिकते, पण चार दिवस टिकायला चार दिवसांचा प्रवास लागतो. आमचा बारा तासांचा.

ज्वारी.

याच्यावर मात्र मी बोलत राहिलो, गाडीतलं कुणी ऐकत नसतानाही.

आमच्याकडं दसऱ्या-दिवाळीच्या बेताला खरिपाची ज्वारी रस्त्याच्या दोन्ही अंगांना उभी असायची. माणसाच्या डोक्याच्या वर हातभर. एसटी त्यातून जायची तेव्हा दोन भिंतींमधून गेल्यासारखी जायची. पुढचं गाव लांबून दिसायचं नाही, वळणावर एकदम अंगावर यायचं. लहानपणी मला वाटायचं, गावं ज्वारीत लपवून ठेवलेली असतात. आता झिरो फाटा सोडला की नजर अडत नाही. सोयाबीन गुडघ्याएवढी, तीही ऑक्टोबरात निघून गेलेली. काळी जमीन, ताडपत्रीखालच्या गंज्या, रस्त्याच्या कडेला मळणीयंत्र आणि डांबरावरच वाळत घातलेलं पीक. २०२५ च्या सप्टेंबरअखेरच्या पावसानं नदीकाठची पुष्कळ सोयाबीन उभ्यानंच कुजली. कुठं कुठं शेंगांना मोड आलेले. वाळवण काळं दिसत होतं. तीन कोसांवरचं देऊळ दिसतं, विजेचे मनोरे दिसतात, पुढचं गाव दहा मिनिटं आधी दिसतं. लेकरांना त्याचं काहीच वाटत नाही. त्यांच्यासाठी मराठवाडा असाच सपाट आहे.

परभणीच्या कृषी विद्यापीठानं, जे १९७२ ला निघालं, ज्वारीच्या वाणांना 'परभणी मोती', 'परभणी ज्योती' अशी पोरींना शोभतील अशी नावं दिली. सोयाबीनच्या वाणाला आमच्याकडं नंबरानं ओळखतात. सोयाबीनची भाकरी होत नाही, कडबा होत नाही. कडबा नाही म्हणून बैल परवडत नाही, बैल नाही म्हणून गाडी नाही. रस्त्याच्या कडेनं, डांबर सोडून मातीतून जाणारी ती चाकोरी मग गवतात गेली. औंढ्यापर्यंत आम्ही बैलगाड्या मोजायचं ठरवलं होतं. दोन झाल्या. त्यातल्या एकीला रबरी टायर होते, आणि ती ऊसवाल्यांची.

मचाण आणि गोफण.

उभ्या ज्वारीत चार दांडक्यांचं मचाण असायचं. वर एक पोरगं, हातात गोफण, खड्यांचा ढीग. पाखरांच्या थव्यावर खडा भिरकावायचा आणि वरून हाळी द्यायची. थोरलीला हे फार आवडलं. तिनं विचारलं, "त्याला पगार मिळायचा?" मी म्हणालो, त्याचंच शेत असायचं. ते पोरगं महिना-दीड महिना शाळेत यायचं नाही आणि आमच्या वर्गातली अशी दोन पोरं नंतर कधीच आली नाहीत, हे सांगितलं नाही.

लिंबू.

हे नाहीसं झालेलं नाही. हट्ट्याच्या जवळपास धाकट्याचा चेहरा पांढरा पडला. गाडीला एसी आहे, चाकाखाली काँक्रीट आहे, त्याच्या हातात मोबाइल होता. आईनं पदराच्या गाठीतून लिंबू काढलं आणि त्याच्या नाकाशी धरलं. मोबाइल तिनं आपल्या मांडीखाली ठेवला. उलटी झाली नाही. यातलं श्रेय कशाला द्यायचं, यावर नवरा-बायकोत मतभेद आहेत.

चास.

थोरलीच्या यादीत चौथ्या नंबरला आहे: 'निळा पक्षी, तारेवर.' बसलेला असतो तेव्हा मातकट दिसतो. उडाला की पंखांत दोन निळे उघडतात, एक गडद, एक फिका. आईनं लगेच हात जोडले. तिचं माहेर धर्माबादकडचं, पलीकडं तेलंगण. तिकडं याला पालपिट्टा म्हणतात, दसऱ्याला तो दिसावा म्हणून माणसं मुद्दाम शिवारात जातात; तेलंगणानं त्याला राज्यपक्षी केलंय. आईच्या म्हणण्याप्रमाणं तिच्या लहानपणी धर्माबाद ते बासर एवढ्या वाटेत दहा दिसत. २०२३ मध्ये देशभरच्या पक्षी निरीक्षकांच्या नोंदी एकत्र करून जो अहवाल आला, त्यात हा पक्षी झपाट्यानं कमी होतोय, त्याची परिस्थिती नव्यानं तपासा, अशी शिफारस आहे.

आम्हाला दिवसभरात एक दिसला. दसरा होऊन बावीस दिवस झाले होते. आई म्हणाली, चालतंय.

जिल्हा.

औंढा माझ्या भूगोलाच्या पुस्तकात आमच्या जिल्ह्यात होतं. १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा ज्योतिर्लिंग तिकडं गेलं. आम्हाला त्या बदल्यात काय मिळालं ते आठवत नाही. लेकरांचा गाड्यांच्या पाट्यांचा खेळ चालला होता: एमएच २२ म्हणजे आपली, ३८ हिंगोली, २६ नांदेड. औंढ्याच्या वाहनतळात ३८ चा विजय झाला आणि धाकटा रडला.

औंढ्याच्या गाभाऱ्यात उतरायला जी जागा आहे तिथून मोठ्या माणसाला वाकून, जवळजवळ बसत बसत उतरावं लागतं. पाच वर्षांचं पोर मात्र ताठ मानेनं जातं. खाली कोंदट, ओलं, तुपाच्या दिव्याचा वास. विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पडले होते आणि नामदेवांना म्हणाले, जिथं देव नाही तिथं माझे पाय ठेव, ही गोष्ट इथलीच. आईनं ती तिथंच, रांगेत, हळू आवाजात सांगितली. नामदेवांचं कीर्तन ऐकायला देऊळच फिरलं, म्हणून नंदी मागं राहिला, हीसुद्धा. धाकट्यानं बाहेर आल्यावर नंदी शोधला आणि मागंच आहे याची खात्री करून घेतली.

बाहेर खेळण्यांची दुकानं. लाखेच्या रंगाची लाकडी भिंगरी नव्हती. पत्र्याचा टिकटिक बेडूक नव्हता. तो अंगठ्यानं दाबला की ठणठण वाजायचा आणि त्याची कड हमखास बोटाला कापायची. बंदूक होती, दिवे लागणारी. घेतली.

याच औंढ्याच्या शिवारात लायगोची वेधशाळा व्हायची आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, काटकोनात. केंद्र सरकारनं एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटी मंजूर केले. अब्जावधी वर्षांपूर्वी कुठंतरी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली, त्याचा धक्का इथं मोजायचा, अणूच्या गाभ्याहूनही कितीतरी बारीक. त्यासाठी निवांत जमीन लागते. मी हे लेकरांना समजावत होतो तेव्हा शेजारून डीजे लावलेला ट्रॅक्टर गेला.

सावली.

जेवायला थांबायचं होतं. लहानपणच्या सहलीत गुरुजी ड्रायव्हरला सांगायचे, "चांगला वड बघून घ्या." तेवढा पत्ता पुरे. जिंतूरच्या रस्त्याला झाडंच झाडं होती: वड, चिंच, लिंब. प्रत्येकाच्या बुंध्याला गेरूचा आणि चुन्याचा पट्टा, त्यावर बांधकाम खात्याचा नंबर. कुठल्या तरी वहीत या झाडांची नोंद असणार, वय, घेर, चिंचेचा लिलाव. रस्ता रुंद झाला तेव्हा ती तोडली. नवी लावली आहेत म्हणतात. दुभाजकात कण्हेर आहे, गुलाबी, फार छान. तिच्याखाली फक्त बकरी बसू शकते.

वीस मिनिटं आम्ही एका झाडाच्या शोधात चाललो. शेवटी प्रवासी निवाऱ्यात बसलो, आमदार निधीतून बांधलेल्या. पाटीवर आमदारांचं नाव निवाऱ्याच्या नावापेक्षा मोठं. धपाटे चांगले झाले होते. एक म्हातारे गृहस्थ आधीच बसलेले होते. त्यांनी चटणी घेतली, धपाटं घेतलं नाही. "कोण्या गावचे?" पूर्णा म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "रेल्वेचे का?"

होय म्हणालो. पूर्णेचा माणूस म्हणजे रेल्वेचा, ही समजूत अजून त्या पिढीत शिल्लक आहे. मनमाडहून हैदराबादकडं जाणारी निजामाच्या मुलखातली मीटरगेज १९०० च्या सुमाराला झाली, पूर्णा ते हिंगोली फाटा १९१२ ला. तेव्हापासून आमच्या गावाचं घड्याळ फलाटावर आहे.

वाट विचारणं.

जिंतूरच्या अलीकडं फोनमधल्या बाईनं डावीकडं वळायला सांगितलं. वळलो. डांबर गेलं, मुरूम गेला, मग दोन्ही बाजूंनी बाभळी जवळ आल्या. पांदण होती ती. पुढून सायकलवर एक माणूस आला, उतरला, गाडीकडं बघत राहिला.

"कुठं चाल्लाव?"

"येलदरीला."

"ही वाट माझ्या आखाड्याला जाती."

"फोननं सांगितलं."

त्यानं फोनकडं पाहिलं. "तो आला होता का इकडं कधी?"

मग त्यानं सायकल बाभळीला टेकवली आणि मला मागं घेऊन दिलं, पाऊण किलोमीटर, चालत, हातवारे करत: घ्या, घ्या, घ्या, बास. आमच्या अण्णांचं काम नेमकं हेच. मागं बघून गाडी चालवणं. मागच्या काचेतून लेकरं त्याला बघत होती. निरोप घेताना तो म्हणाला, पुढं विचारत विचारत जा. विचारायला पुढं कुणी नव्हतं. जो तो गाडीत होता.

कपबशी. जिंतूरला चहा घेतला. कागदी पेला. आई बशी मागत होती, पोरानं दुसरा पेला दिला आणि म्हणाला, यात ओता. तिनं ओतलं, फुंकर घातली. कागदाच्या पेल्यात चहा निवत नाही, फक्त कागदाचा वास येतो.

चार.

येलदरीच्या वाटेवर लेकरं कंटाळली तेव्हा मी त्यांना ४ ची गोष्ट सांगितली. आम्ही ओंकारेश्वरला गेलो होतो, पासावर, दिवाळीच्याच सुट्टीत. पूर्णेहून मीटरगेजनं हिंगोली, वाशीम, अकोला, अकोट आणि पुढं मेळघाटातून खंडवा. अकोटच्या पुढं धुळघाटला डोंगर चढायला जागा नाही, म्हणून रूळ वळसा घेऊन स्वतःच्याच अंगावरून वर जातात. कागदावर काढलं तर नेमका ४. मधोमध जिथं रेघा एकमेकींना कापतात तिथं पूल. खिडकीतून आपलीच वाट खाली दिसायची. थोड्या वेळापूर्वी आपण तिथून गेलो, हे धाकट्या बहिणीला पटेना. अण्णा तेव्हा प्रवासी होते, पण त्यांनी डोकं बाहेर काढून शेवटचा डबा पाहून घेतला. आहे, म्हणाले.

पूर्णा-अकोला २००८ मध्ये ब्रॉडगेज झालं. अकोल्याच्या पुढची मीटरगेज जानेवारी २०१७ मध्ये बंद झाली. रुंद रूळ व्याघ्र प्रकल्पातून न्यायचे की बाहेरून, याचा वाद वर्षानुवर्षं चालला. मी वाघांच्या बाजूनं आहे, हे घरात सांगत नाही.

थोरलीनं वहीच्या मागच्या पानावर ४ काढला आणि त्यावर बोट फिरवत राहिली. "म्हणजे गाडी परत तिथंच येते?"

"तिथंच नाही. त्याच्या वर."

नाणं.

पूर्णेच्या पुलावर आईनं काच खाली करायला सांगितली. नदी ओलांडताना नाणं टाकायचं असतं. रेल्वेतून टाकायला मजा यायची. पुलाच्या लोखंडावर आपटून टण् आवाज आला की फुकट गेलं, नाही आला तर नदीला पोचलं. तेव्हा चार आणे पुरायचे. चार आणे ३० जून २०११ पासून चलनातून बाद आहेत. आम्ही पाच माणसं, दोन पाकिटं, एक पर्स, एक बटवा. चिल्लर कुठंच नाही. सगळे व्यवहार स्कॅन करून. शेवटी बायकोच्या पर्सच्या अस्तरात एक दहाचं निघालं. आमच्याकडं दहाचं नाणं दुकानदार घेत नाहीत. रिझर्व्ह बँकेनं कितीदा सांगितलं ते चालतं म्हणून, तरी बाजार ऐकत नाही. आई म्हणाली, नदी घेती.

येलदरीचं धरण १९६८ सालचं. खाली साडेबावीस मेगावॅटचं वीजघर. भिंतीवर उभं राहिलं की एका बाजूला समुद्राएवढं पाणी, दुसऱ्या बाजूला आपली नदी, सडपातळ. धाकट्यानं विचारलं, हे पाणी आपल्या घरी कधी येणार. प्रश्न बरोबर होता. हीच नदी खाली सिद्धेश्वरला पुन्हा अडते, कालव्यांना वाटली जाते, उरलेली आमच्या गावाला नाव देऊन जाते आणि थोड्याच अंतरावर कंठेश्वराजवळ गोदावरीला मिळते. थोरलीला शाळेत तापीला मिळणारी पूर्णा शिकवली होती. ती वेगळी, विदर्भातली. गुजरातेत आणखी एक आहे. आमची ती अजिंठ्याच्या डोंगरातून येते. परीक्षेत कुठली लिहायची, असं तिनं विचारलं. बाई ज्या विचारतील ती, असं तिच्या आईनं सांगितलं. माझी हरकत नोंदवून ठेवतो.

पोचल्याचं कार्ड.

कुठंही पोचलं की पहिलं काम हे. 'सुखरूप पोचलो. काळजी नसावी.' पोस्टकार्ड अजून पन्नास पैशांनाच मिळतं, पन्नास पैशांचं नाणं मिळत नाही. बऱ्याचदा आम्ही परत यायचो आणि दोन दिवसांनी आमचंच कार्ड यायचं, आम्ही सुखरूप पोचलो आहोत म्हणून. आजोबा ते आम्हालाच वाचून दाखवायचे. येलदरीहून बायकोनं घरच्या गटावर फोटो टाकला. अकरा अंगठे आले.

फाटक.

जाताना पूर्णेबाहेर पडायला आम्हाला एकदाही थांबावं लागलं नाही. पूल झालेत. ब्रॉडगेजवरची बिनमाणसाची फाटकं २०१९ च्या जानेवारीपर्यंत संपवली. त्यांच्यावर किती माणसं गेली ते रेल्वेच्या घरात वाढलेल्याला सांगावं लागत नाही. अण्णा अशा दिवशी ड्यूटीवरून आले की जेवत नसत, आंघोळ करून पडून राहायचे. माणसं असलेली फाटकंही एकेक करून पुलाखाली जाताहेत. फाटकाशी उभ्या राहणाऱ्या बायका कुठं गेल्या ते मात्र दिसलं नाही. काकडी, पेरू, या दिवसांत सीताफळं, बुडाला पाला घातलेल्या टोपल्यांत. फाटक बंद झालं की त्या उठायच्या, उघडलं की बसायच्या. पुलावर टोपली घेऊन कुणी उभं राहत नाही.

परभणीहून येताना अंधारायला लागलं होतं. मी हमरस्ता सोडून आतल्या रस्त्यानं गाडी घातली. कारण सांगितलं नाही. मिरखेलच्या पुढं फाटक लागलं. बंद. मी इंजिन बंद केलं, काचा खाली केल्या. गवताचा, ओल्या मातीचा, लांब कुठंतरी उडवलेल्या लवंगी माळेचा वास आला. धाकटा झोपला होता, तो उठला. थोरलीची यादी एकोणीसवर अडली होती. शेवटची जागा ती सकाळपासून कशासाठी तरी राखून होती.

माझ्या मागं मोटारसायकली जमल्या. दोघं जण सवयीनं मोटारसायकल आडवी करून दांड्याखालून गेले. पाच मिनिटं. सात. लेकरांना वाटलं गाडी बिघडली. थांबणं म्हणजे बिघाड, एवढंच त्यांना माहीत. मग रूळ बोलायला लागले. आधी बारीक किणकिण, मग जमिनीतून. मालगाडी होती. थोरलीनं मोजायला सुरुवात केली, धाकट्यानंही, तो एकोणतीसच्या पुढं एकदम पन्नासवर गेला. आई ओठ हलवत होती. ती गेली पन्नास वर्षं मोजते, मोठ्यानं मोजत नाही.

"अठ्ठावन्न," थोरली म्हणाली.

"अन् ब्रेक," आई म्हणाली.

शेवटी ब्रेकव्हॅन आली, तिच्या उघड्या व्हरांड्यात एक जण उभा. अंधारात चेहरा दिसत नव्हता. हातातला हिरवा दिवा तेवढा. फाटकवाल्यानंही आपला हिरवा दाखवला. सगळं ठीक आहे, हे दोघांनी एकमेकांना सांगितलं आणि तो पुढं गेला, तोंड आमच्याकडं ठेवून.

"हा कोण?" थोरलीनं पेन उघडलं.

"गार्ड," आई म्हणाली.

जानेवारी २०२२ पासून त्या पदाचं नाव ट्रेन मॅनेजर आहे. अण्णा २०१९ लाच गेले, गार्ड म्हणून. मी थोरलीला नवं नाव सांगितलं, कारण बाई तपासणार होत्या.

ती दोघांकडं बघत राहिली. "मग काय लिहू?"

"हात कर आधी," आई म्हणाली, "जायला तो."

दोघांनी खिडकीतून हात केले. शिट्टी बायकोच्या पर्समध्ये होती. ती तिनं काढून दिली की धाकट्यानंच शोधली, हे मला आरशात दिसलं नाही, वाजली मात्र. लाल दिवा लहान होत गेला. दांडा वर गेला आणि मागच्यांनी हॉर्न सुरू केले.